भूकंपानंतर बिघडलेला रिअॅक्टर शांत करणं: पाणी कुठून, कसं आणि किती दिवस

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत लिहितो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुमचं माहेर डहाणू तालुक्यात धुंदलवाडीच्या बाजूला, तुम्ही राहता बोरिवलीला, २०१८ च्या नोव्हेंबरपासून तिकडे धक्के बसतायत आणि दर धक्क्यानंतर आईचा फोन येतो की तारापूरच्या अणुवीज केंद्राचं काय होईल. तुमचं विचारणं असं की भूकंप आला की रिअॅक्टर आपोआप बंद होतो असं सगळे सांगतात, मग जपानमध्ये बंद झालेले रिअॅक्टर वितळले कसे, आणि एकदा असं बिघडल्यावर ते शांत कसे करतात, म्हणजे नेमकं कोण काय करतं.

मी अणुवीज केंद्रांत ऑपरेशनला ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कंट्रोल रूममध्ये शिफ्ट ड्युटीला आणि शेवटची काही वर्षं इमर्जन्सीच्या तयारीचं काम बघण्यात. आता रिटायर होऊन चेंबूरला असतो. उत्तर लांब होणार आहे, कारण हा विषय दोन ओळीत सांगितला की माणूस एकतर उगाच घाबरतो किंवा उगाच निश्चिंत होतो आणि दोन्ही मला नको आहे.

आधी "बंद" या शब्दाचं बघू. रिअॅक्टर ट्रिप झाला म्हणजे कंट्रोल रॉड आत गेले आणि युरेनियमचं विखंडन थांबलं, हे काही सेकंदांत होतं. ११ मार्च २०११ ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा जपानमधल्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्राचे चालू असलेले तिन्ही रिअॅक्टर, १, २ आणि ३ नंबरचे, असेच व्यवस्थित ट्रिप झाले. तिथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण इंधनात विखंडनातून तयार झालेले जे तुकडे साठलेले असतात ते किरणोत्सारी असतात, त्यांचं क्षय होणं कुठल्याच बटणाने थांबत नाही आणि त्यातून उष्णता निघतच राहते. ट्रिप झाल्या क्षणी ही उष्णता पूर्ण ताकदीच्या साधारण साडेसहा टक्के असते, तासाभराने दीड टक्का, दिवसाने अर्धा टक्का, आणि मग ती इतकी हळू कमी होते की महिने जातात. गावाकडे चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी खालचे निखारे तासन् तास धगधगतात ना, तसं समजा, फक्त या निखाऱ्यांवर राख टाकून झाकता येत नाही, कारण झाकलं की ते आणखी तापतात. यांना सतत पाणीच लागतं.

किती पाणी? हा हिशोब मी ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांकडून हमखास करून घ्यायचो. फुकुशिमाचं १ नंबरचं युनिट १३८० मेगावॅट उष्णतेचं. दिवसानंतर त्याचा अर्धा टक्का धरा, साधारण ७ मेगावॅट. एवढी उष्णता साध्या पाण्याची वाफ करून घालवायची तर तासाला जवळजवळ १० टन पाणी लागतं. म्हणजे मुंबईत सोसायटीत येतो तो १० हजार लिटरचा टँकर, तासाला एक. ट्रिप झाल्यावर पहिल्या एक-दोन तासात हेच तासाला तीन टँकर लागतात. आकडा ऐकून नवी मुलं गप्प व्हायची कारण त्यांना वाटलेलं असायचं की काहीतरी अवाढव्य लागेल. एवढंच पाणी लागतं. फक्त ते थांबून चालत नाही, आणि ते नेमकं इंधनापर्यंत पोचलं पाहिजे. बिघडलेला रिअॅक्टर शांत करणं म्हणजे शेवटी या दोन गोष्टी आहेत, बाकीचं जे काही मी खाली लिहितोय ते सगळं या दोन गोष्टी का अवघड होतात त्याबद्दल आहे.

भूकंपाने नेमकं काय बिघडलं तर बाहेरून येणारी वीज गेली, स्विचयार्ड आणि लाईनचं नुकसान झालं. डिझेल जनरेटर ठरल्याप्रमाणे चालू झाले आणि पाऊण तासाहून जास्त वेळ चालले. मग त्सुनामी आली. प्लांटची जमीन समुद्रापासून १० मीटर उंच, डिझाइनला धरलेली लाट ५.७ मीटर, आणि आलेलं पाणी १४-१५ मीटरपर्यंत चढलं. बहुतेक डिझेल जनरेटर (डीजी), वीज वाटणारे स्विचगियर पॅनल, बॅटऱ्या तळघरात. आता आपण मुंबईकरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, २६ जुलै २००५ ला कुर्ला, कलिना, सायनच्या बाजूला किती बिल्डिंगचे मीटर रूम आणि जनरेटर खालीच असल्यामुळे बुडाले ते आपण पाहिलंय, पाणी ओसरलं तरी वीज येईना कारण पॅनलच कामातून गेलेले. तिथे तेच झालं. ६ नंबर युनिटचा एक हवेने थंड होणारा डीजी जरा उंचावर होता, तो वाचला आणि त्या एका जनरेटरने ५ आणि ६ अशी दोन्ही युनिटं वाचवली. एक जनरेटर, जागा बरोबर, बस.

आता दिवे गेल्यावर कंट्रोल रूममध्ये काय होतं ते सांगतो कारण बाहेरच्या माणसाला याची कल्पना येत नाही. एरवी तिथे सतत आवाज असतो, एसीचा, पॅनलच्या मागच्या पंख्यांचा, अधूनमधून अलार्मचा. बॅटरीवरची डीसी वीज पण गेली की हे सगळं एकदम थांबतं. मीटरचे काटे खाली पडतात, व्हॉल्व्हचे लाल-हिरवे दिवे विझतात, आणि तुमच्यासमोर शंभर व्हॉल्व्ह आहेत ज्यातला कुठला उघडा कुठला बंद हे सांगणारं काहीच नाही. फुकुशिमात १ नंबरला आयसोलेशन कंडेन्सर म्हणून यंत्रणा होती, वीज नसताना वाफ थंड करून पाणी आपोआप परत रिअॅक्टरमध्ये सोडणारी, चांगली यंत्रणा. पण डीसी जाताना तिचे व्हॉल्व्ह बंद झाले आणि पॅनल काळं असल्याने कळलंच नाही. इमर्जन्सी सेंटरमधले लोक बराच वेळ समजत राहिले की ती चालू आहे. त्या शिफ्टमधल्या कोणीच ती आधी प्रत्यक्ष चालवलेली नव्हती, त्यामुळे चालू असताना बाहेर किती वाफ दिसायला पाहिजे हेही कुणाला माहीत नव्हतं. ऑपरेशनवाला म्हणून मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. मशीन कागदावर शिकलेला माणूस आणि मशीनचा आवाज ऐकलेला माणूस यात अंधारात फरक पडतो.

रात्री ९ च्या सुमाराला तात्पुरती वीज जोडून पाण्याच्या पातळीचा मीटर चालू केला तर त्याने इंधनाच्या टोकाच्या २० सेंटीमीटर वर पाणी दाखवलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असणार. प्रत्यक्षात तोपर्यंत इंधन उघडं पडलेलं होतं. झालं असं की हा मीटर दोन पाण्याच्या स्तंभांतला फरक मोजतो, त्यातला जो संदर्भाचा स्तंभ असतो त्यातलंच पाणी उष्णतेने उकळून गेलं, त्यामुळे मीटर खोटं वर दाखवत राहिला. म्हणून बिघडलेल्या रिअॅक्टरवर पहिला नियम, एका मीटरवर विश्वास ठेवायचा नाही. पातळी चांगली दाखवतोय पण कंटेनमेंटचं, म्हणजे रिअॅक्टरभोवतीच्या बंद कवचाचं, प्रेशर वाढतंय आणि बिल्डिंगच्या दाराशी रेडिएशन वाढतंय, तर पातळी खोटी आहे असं धरून चालायचं.

मग लोकांनी पार्किंगमधल्या गाड्यांच्या, बसच्या बॅटऱ्या काढून आणल्या. १२ व्होल्टच्या १० बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की १२० व्होल्ट होतात, तेवढ्यावर मीटर आणि मुख्य म्हणजे प्रेशर सोडणारे व्हॉल्व्ह चालतात. टॉर्चच्या उजेडात वाचलेले आकडे पॅनलवरच पेन्सिलने लिहून ठेवले होते, वेळ टाकून, काट्याच्या शेजारी. त्याचा फोटो मी पाहिलाय आणि पुढे ट्रेनिंगला दरवेळी दाखवायचो. मुद्दाम दाखवायचो, कारण एवढ्या धावपळीत वेळेसकट आकडा लिहून ठेवणं हे साधं काम नाही, त्या आकड्यांवरूनच नंतर कळतं की गोष्ट कुठल्या दिशेला चाललीय.

प्रेशर सोडणं का मुख्य, तर चालू रिअॅक्टरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला साधारण ७० किलोचं प्रेशर असतं आणि फायर टेंडरचा, म्हणजे आगीच्या बंबाचा, पंप १० किलोच्या आसपास. तुम्ही कितीही जोर लावा, पाणी आत जाणारच नाही. म्हणजे आधी आतलं प्रेशर उतरवायचं, पण उतरवलं की आत असलेलं पाणी भसकन वाफ होऊन निघून जातं, त्यामुळे बाहेरचं पाणी तयार, पंप चालू, पाईप भरलेला असं सगळं असल्याशिवाय हात लावायचा नाही. ३ नंबर युनिटला नेमकं हेच चुकलं. तिथे रिअॅक्टरच्याच वाफेवर चालणारा मोठा पंप होता, तो हळू पडायला लागला म्हणून फुटेल या भीतीने १३ मार्चला पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी हाताने बंद केला, दुसरा पंप मग चालू करू या हिशोबाने. पण प्रेशर सोडणारे व्हॉल्व्ह उघडेनात कारण बॅटऱ्या संपलेल्या, प्रेशर परत चढलं, आणि फायर टेंडरचं पाणी आत जायला सकाळचे ९ वाजून गेले. साडेसहा तास. त्या माणसांना मी दोष देत नाही, दीड दिवस ते त्याच धावपळीत होते. पण नवीन ऑपरेटरला मी एवढं नक्की घोकून घ्यायला लावायचो की हातातलं पाणी सोडायचं नाही, दुसरं पाणी वाहताना दिसेपर्यंत.

आणि पाणी सोडलं म्हणजे पोचलं असंही नाही. नंतरच्या तपासात दिसलं की फायर टेंडरने पंप केलेल्या पाण्यातलं बरंच पाणी जोडलेल्या दुसऱ्या लाईनमधून टर्बाईनची वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सर वगैरेकडे निघून गेलं, १ नंबरला तर सुरुवातीच्या दिवसांत इंधनापर्यंत जवळपास काहीच पोचलं नाही. सोसायटीत वरच्या टाकीसाठी पंप लावलाय आणि मधल्या मजल्यावर कोणाचा तरी नळ उघडा राहिलाय, मोटर रात्रभर चालू आणि टाकी रिकामी, तसाच प्रकार. बाहेरून फ्लो दिसतो म्हणून खूश व्हायचं नाही, शाखा लाईनचे व्हॉल्व्ह एकेक करून हाताने बंद आहेत का ते बघायचं, आणि बिघडलेल्या प्लांटमध्ये ते बघायला जाणं म्हणजे रेडिएशनचा डोस घेणं.

गोडं पाणी संपल्यावर समुद्राचं पाणी. १ नंबरला १२ मार्चला संध्याकाळी ७ नंतर ते सुरू झालं. वरून थांबवायचा आदेश आला तेव्हा तिथले प्रमुख मासाओ योशिदा यांनी आदेश ऐकल्यासारखं केलं आणि पाणी चालूच ठेवलं. माझ्या मते त्या आठवड्यातला सगळ्यात बरोबर निर्णय तोच. समुद्राचं पाणी घातलं की रिअॅक्टर कायमचा गेला हे खरं, आणि मीठही साठतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम म्हणजे एका टँकरमागे साडेतीनशे किलो मीठ आतच राहतं, त्याचे थर इंधनाभोवती बसले की पाणीच जायला जागा राहत नाही. म्हणून ते तात्पुरतंच, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी परत गोड्या पाण्यावर आणलं. पाण्यात बोरिक अॅसिडही घालतात, वितळून वेड्यावाकड्या आकारात पडलेल्या इंधनात परत साखळी अभिक्रिया सुरू होऊ नये म्हणून.

आता हायड्रोजन. इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या असतात, त्या ९०० अंशाच्या पुढे गेल्या की वाफेशी अभिक्रिया होते, १२०० च्या पुढे तर झपाट्याने, त्यातून हायड्रोजन निघतो आणि वर आणखी उष्णता. म्हणजे पाणी यायला उशीर झाला की इंधन स्वतःच स्वतःला तापवायला लागतं. हा हायड्रोजन कंटेनमेंटच्या सांध्यांमधून गळत वरच्या मजल्यावर साठला आणि १२ तारखेला १ नंबर, १४ ला ३ नंबर, १५ ला ४ नंबरची बिल्डिंग उडाली. गंमत नाही, लोकांना वाटतं रिअॅक्टर फुटला, तसं नव्हतं, बाहेरची इमारत उडाली, पण त्या स्फोटांनी नुकतेच पसरलेले होज पाईप फाटले, जोडलेल्या केबल तुटल्या, माणसं जखमी झाली आणि किरणोत्सारी ढिगारा सगळीकडे पसरला, म्हणजे प्रत्येक स्फोटानंतर काम परत पहिल्यापासून. ४ नंबरमध्ये तर रिअॅक्टरमध्ये इंधनच नव्हतं, ३ नंबरचा हायड्रोजन सामायिक चिमणीच्या डक्टमधून उलटा तिकडे गेला होता.

हे टाळायला कंटेनमेंटमधली वाफ आणि वायू बाहेर सोडावे लागतात, त्याला व्हेंटिंग म्हणतात. १ नंबरला वीज नसल्याने ते हाताने करायचं ठरलं. दोन-दोन जणांच्या टीम केल्या, जास्त वयाच्या लोकांना निवडलं, पूर्ण मास्क, पाठीवर हवेचा सिलिंडर. पहिल्या टीमने एक व्हॉल्व्ह हँडव्हील फिरवून पाव उघडला. दुसरी टीम निघाली पण वाटेतच रेडिएशन इतकं वाढलं की परत फिरावं लागलं, तरी एकाला १०० मिलिसिव्हर्टच्या (हे डोस मोजायचं एकक) वर डोस बसला. आपल्याकडे अणुकामगाराला वर्षाची जास्तीत जास्त मर्यादा ३० मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे त्या माणसाने काही मिनिटांत तीन वर्षांहून जास्तीचा डोस घेतला. अंधारात, मास्क लावून, हातमोज्यांत मोठा हँडव्हील फिरवणं काय असतं ते मी साध्या ड्रिलमध्ये अनुभवलंय. काच धुरकटते, स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही, शेजारच्याला काही सांगायचं तर खांद्यावर थाप मारून बोटाने दाखवावं लागतं, आणि व्हॉल्व्ह उघडतोय की नुसताच गिअर फिरतोय हे स्पिंडलवर हात ठेवूनच कळतं. ते आम्ही एसी चालू असलेल्या, डोस नसलेल्या बिल्डिंगमध्ये करत होतो.

वापरलेल्या इंधनाच्या तलावांची काळजी वेगळीच. ४ नंबरच्या तलावात इंधनाचे १५३५ बंडल होते आणि छप्पर उडालेलं. १७ तारखेला ३ नंबरवर हेलिकॉप्टरमधून पाणी टाकलं, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं, पण वाऱ्याने त्यातलं फार थोडं आत गेलं. खरा उपयोग झाला तो २२ तारखेपासून, बिल्डिंगच्या स्लॅबला काँक्रीट टाकायला लांब सोंडेचा पंप येतो ना, आपल्याकडे हल्ली रिडेव्हलपमेंटच्या प्रत्येक गल्लीत दिसतो, तसलाच ५८ मीटर सोंडेचा पंप लावून ४ नंबरच्या तलावात पाणी नेमकं सोडलं. बिघाडाच्या वेळी कामाला येणारी अवजारं ही अशी असतात.

इथपर्यंतचे दिवस जगाने बघितले, पण शांत करण्याचं मोठं काम यानंतरचं आणि ते कोणी बघत नाही. पाणी ओतत राहिलो की ते कुठेतरी जाणारच, कारण खालून भांडं फुटलेलं आहे. ते टर्बाईन बिल्डिंगच्या तळघरात साठलं, तिथे काम करणाऱ्या तिघांपैकी दोघांच्या पायाला लागलं, आणि २ एप्रिलला २ नंबरच्या पाणी घेण्याच्या जागेजवळ एका खड्ड्याच्या भेगेतून समुद्रात जाताना सापडलं. आधी काँक्रीट ओतून बघितलं, मग पाणी शोषणारं पॉलिमर, लाकडाचा भुसा, फाडलेले वर्तमानपत्राचे कागद. थांबेना. शेवटी ६ तारखेला जमिनीत सोडियम सिलिकेट भरल्यावर थांबलं. मग जूनच्या शेवटी तेच पाणी उपसून, त्यातलं किरणोत्सारी सिझियम काढून, परत रिअॅक्टरमध्ये सोडायचं चक्र बसवलं, तेव्हा कुठे पाण्याचा साठा आटोक्यात यायची आशा निर्माण झाली. सोबत कंटेनमेंटमध्ये नायट्रोजन भरत राहायचं, परत स्फोट होऊ नये म्हणून.

आणि भूकंप एकदाच येत नाही हे तुमच्या आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ११ एप्रिलला मोठा आफ्टरशॉक आला, बाहेरची वीज परत गेली आणि पाणी घालणारे पंप ५० मिनिटं थांबले. त्यानंतर पंपांचा पर्यायी वीजपुरवठा उंचावर हलवला, एका लाईनला दुसरी, दुसरीला तिसरी जोड दिली. बिघडलेल्या रिअॅक्टरवर तात्पुरतं जे काही जोडाल ते पुढच्या धक्क्यात टिकेल का हे त्याच दिवशी विचारायला लागतं. २०२१ च्या फेब्रुवारीत, दहा वर्षांनी, परत ७.३ चा धक्का बसला तेव्हाही १ आणि ३ नंबरच्या कंटेनमेंटमधलं पाणी खाली गेलं, जुन्या भेगा वाढल्या असणार.

तळाचं तापमान १०० अंशाखाली आणून "थंड अवस्था" जाहीर झाली १६ डिसेंबर २०११ ला, म्हणजे नऊ महिने लागले. ४ नंबरच्या तलावातलं इंधन पूर्ण काढायला डिसेंबर २०१४ उजाडला. वितळलेल्या इंधनाचा अंदाज तिन्ही युनिट मिळून ८८० टन, त्यातला पहिला नमुना २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर आला, एक ग्रॅमसुद्धा नाही.

पण याच भूकंपात दाइचीपासून १०-१२ किलोमीटरवर फुकुशिमा दाइनी हे दुसरं केंद्र होतं, तिथे चारपैकी तीन युनिटांचे समुद्राच्या पाण्याचे पंप गेले. तिथे बाहेरची एक वीज लाईन शाबूत राहिली. मग जवळपास २०० माणसांनी ९ किलोमीटर जाड केबल खांद्यावर घेऊन हाताने टाकली, जे काम मशीनने एरवी कित्येक दिवसांत होतं ते दिवसभराच्या आसपास, आणि १५ मार्चपर्यंत चारही युनिटं थंड केली. आणि ओनागावाचं अणुवीज केंद्र तर भूकंपाच्या केंद्राच्या सगळ्यात जवळचं, पण जमीन १४.८ मीटर उंच धरलेली, ते वाचलं आणि गाव वाहून गेलेले लोक त्याच प्लांटच्या जिममध्ये येऊन राहिले. हे मी दरवेळी सांगतो, कारण दाइची एवढंच ऐकलं की वाटतं निसर्गापुढे इलाज नव्हता.

आपल्याकडे भूकंपामुळे नाही, पण सगळी वीज जाण्याचा प्रसंग येऊन गेलाय. ३१ मार्च १९९३, उत्तर प्रदेशातलं नरोरा अणुवीज केंद्र, पहाटे साडेतीन. टर्बाईनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेलाला आग लागली, मुख्य आणि पर्यायी विजेच्या केबल एकत्रच गेल्या होत्या त्या सगळ्या जळाल्या, कंट्रोल रूम धुराने भरली म्हणून सोडावी लागली. १७ तास प्लांट पूर्ण अंधारात. पण ट्रिप झालेला होता, ऑपरेटरनी डिझेलवर चालणारे फायर पंप सुरू करून स्टीम जनरेटरला पाणी दिलं आणि आतलं जड पाणी (हेवी वॉटर) पंपाशिवाय, गरम वर थंड खाली या नियमाने फिरत राहिलं. काही जण टॉर्च घेऊन वर चढले आणि बोरॉनचं पाणी नुसत्या उतारावर रिअॅक्टरमध्ये सोडलं. इंधनाला काही झालं नाही. आमच्या पिढीने ऑपरेशन त्या रात्रीवरून शिकलं. २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या कल्पक्कम केंद्राचा पंप हाऊस बुडाला तेव्हाही चालू युनिट नीट बंद होऊन थंड राहिलं, डीजी उंचावर होते.

आता तारापूर. १ आणि २ नंबर १९६९ चे, फुकुशिमासारखेच उकळत्या पाण्याचे, आणि त्यांनाही वीज नसताना चालणारा इमर्जन्सी कंडेन्सर आहे. ३ आणि ४ नंबर ५४० मेगावॅटचे, नरोराच्या जातीचे, म्हणजे जड पाण्यावरचे. तुमच्याकडचे धक्के बहुतेक ४ च्या आसपास किंवा त्याखालचे. ४ आणि ९ यात ऊर्जेचा फरक तीन कोटी पटीहून जास्त आहे, त्यामुळे त्या धक्क्यांनी रिअॅक्टर बिघडेल ही भीती आईच्या मनातून काढून टाका. घराच्या मातीच्या भिंती आणि कौलं ही तिच्यासाठी जास्त खरी काळजी आहे, त्याकडे आधी बघा, खाट भिंतीपासून लांब घ्या. समुद्राचं म्हणाल तर १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती, तेव्हा अरबी समुद्राकडून काही येतच नाही असं कोणी म्हणालं तर ते बरोबर नाही, आणि प्लांटवाल्यांनी ते धरूनच चालायचं असतं.

२०११ नंतर आपल्या प्लांटमध्ये हुक-अप पॉइंट बसवले, म्हणजे बिल्डिंगच्या बाहेर, सुरक्षित जागी पाईपचं तोंड काढून ठेवलेलं, सगळं गेलं तरी फायर टेंडर तिथे येऊन होज जोडेल आणि पाणी आत. कागदावर एकदम सोपं. एका प्लांटला, नाव सांगत नाही, आम्ही त्याचं ड्रिल घेतलं. मुद्दाम आमचा नाही तर बाहेरचा फायर टेंडर बोलावला, कारण खऱ्या वेळी बाहेरचाच येणार. तो आला वेळेत. पोरांनी होज ओढला, पॉइंटपाशी गेली आणि कपलिंग बसेना. टेंडरच्या होजचं तोंड एका प्रकारचं, आमच्या पॉइंटचं दुसऱ्या. स्टोअरमध्ये अॅडॅप्टर होता पण स्टोअरला कुलूप आणि चावी ज्याच्याकडे तो जेवायला कॉलनीत गेलेला. ४० मिनिटं गेली. जून महिना, पाऊस सुरू झालेला, सगळे भिजत उभे, आणि मी मनातल्या मनात टँकर मोजत होतो, तासाला तीन, म्हणजे दोन टँकर पाणी आत गेलंच नाही. त्या रात्री मी झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये दोन अॅडॅप्टर करायला टाकले. आठवड्याभरात एक पॉइंटच्या शेजारीच भिंतीला साखळीने अडकवला, ग्रीस लावून, वर रबराची टोपी घालून, आणि दुसरा टेंडरच्या कप्प्यात. दर महिन्याला नाईट शिफ्टचा एक माणूस टॉर्च घेऊन जायचा, दिवे न लावता अॅडॅप्टर चढवायचा, उतरवायचा आणि लॉगबुकात वेळ लिहायचा. मी रिटायर झालो तेव्हाची शेवटची नोंद ३ मिनिटं १० सेकंदांची होती.